भूमिका नटाची की नटाची भूमिका? रंगमंचावरील आक्षेपार्ह संवाद आणि कलावंताची नैतिक जबाबदारी

पुणे : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात २ फेब्रुवारी २०२४ रोजी सायंकाळी विद्यार्थ्यांचा एक नाट्यप्रयोग मध्येच बंद पाडण्यात आला. ‘जब वी मेट’ असे या नाटकाचे नाव होते. रामलीला सादर करणाऱ्या नटांचे पडद्यामागील वागणे-बोलणे हा त्याचा विषय होता. सीतेची भूमिका करणारे पात्र धूम्रपान करते, पात्रांच्या तोंडी शिव्या आहेत, असा आक्षेप घेत अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग थांबवला. धक्काबुक्की झाली, प्रकरण पोलिसांत गेले आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली केंद्राचे प्रमुख व पाच विद्यार्थी यांना अटक करण्यात आली. न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केला. दरम्यान, केंद्राच्या आवारात तोडफोडही झाली.

नाटकाच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. मात्र या घटनेने उपस्थित केलेला मूळ प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. रंगमंचावर उच्चारलेले शब्द नेमके कोणाचे असतात? लेखकाचे, पात्राचे की ते उच्चारणाऱ्या नटाचे? नटाची वैयक्तिक श्रद्धा, त्याची नीतिमत्ता आणि त्याने वठवलेली भूमिका यांचा परस्परांशी काय संबंध असतो? आणि एखादा संवाद नटाच्या स्वतःच्याच विवेकाला पटत नसेल, तर तो नाकारण्याचा अधिकार त्याला आहे का?

एका प्रसंगातील तीन थर

पुण्यातील प्रसंगात तीन थर होते. सर्वांत बाहेरच्या थरात नाट्यशास्त्र शिकणारा विद्यार्थी होता. त्याने वठवलेले पात्र म्हणजे रामलीलेतील एक नट, हा दुसरा थर. त्या नटाने धारण केलेले राम किंवा सीतेचे रूप हा तिसरा. नाटकातील शिवी आणि सिगारेट दुसऱ्या थरातील होती. रंगमंचावर सीता धूम्रपान करीत नव्हती. सीतेचे काम करणारा एक माणूस धूम्रपान करीत होता, असे नाटकाचे कथानक सांगत होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र वेशभूषा अंगावर असताना हा भेद शिल्लक राहत नव्हता. तक्रार तिसऱ्या थराच्या अवमानाची होती आणि अटक पहिल्या थरातील विद्यार्थ्यांना झाली.

हे थर एकमेकांत मिसळणे हेच अशा बहुतेक वादांचे मूळ असते. नाटकात एखादे पात्र काय बोलते, संपूर्ण नाटक काय सांगू पाहते आणि नट स्वतः काय मानतो, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. खलपात्राच्या तोंडी स्त्रीद्वेषी संवाद असतो म्हणून नाटक स्त्रीद्वेषी ठरत नाही, आणि नाटकच स्त्रीद्वेषी असले तरी त्यातील प्रत्येक नट तसा असतो असे नाही. तथापि, या तिन्ही प्रश्नांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असे म्हणणेही तितकेच अपुरे ठरते. कारण शब्द कागदावर लेखकाचे असले तरी ते सजीव होतात नटाच्या शरीरात, त्याच्या आवाजात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर.

नाट्यशास्त्रातील पहिला आक्षेप

हा वाद नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्या अध्यायातच तो आढळतो. देवांनी असुरांवर मिळवलेल्या विजयाचा पहिला प्रयोग रंगला, तेव्हा आपला पराभव दाखवला म्हणून असुर संतापले आणि त्यांनी विघ्ने आणून नटांची वाणी, हालचाल व स्मृती गोठवली, अशी कथा तेथे येते. इंद्राने आपल्या ध्वजदंडाने विघ्नांचा नाश केला. तोच दंड पुढे ‘जर्जर’ म्हणून रंगभूमीवर पूज्य झाला. मात्र वाद दंडाने मिटला नाही. अखेर ब्रह्मदेवाने असुरांना समजावले की, नाट्य केवळ देवांचे किंवा केवळ असुरांचे नसते. तिन्ही लोकांतील भावांचे ते अनुकथन असते. संरक्षण आणि संवाद या दोन्ही उपायांची नोंद भारतीय रंगभूमीच्या या आद्य ग्रंथाने करून ठेवली आहे.

त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात याची दुसरी बाजू येते. विद्येचा गर्व झालेल्या भरतपुत्रांनी ऋषींची टवाळी करणारा प्रयोग केला आणि क्रुद्ध ऋषींनी त्यांना सामाजिक अधःपतनाचा शाप दिला. येथे दोष पात्रावर किंवा संहितेवर न ठेवता थेट नटांवर ठेवलेला दिसतो. म्हणजे नट निर्दोष माध्यम आहे आणि नट उत्तरदायी आहे, या दोन्ही भूमिका परंपरेत एकाच वेळी नांदत आल्या आहेत.

दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत या प्रश्नाचे सूक्ष्म उत्तर दिले. रसाचा आस्वाद नट घेत नाही, प्रेक्षक घेतो. नट हा त्या आस्वादाचे साधन आहे आणि म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मद्याची चव प्याल्याला कळत नाही, तसेच हे. मराठीत आजही भांड्याला आणि नाटकातील व्यक्तिरेखेला एकच शब्द वापरला जातो, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

पाश्चात्त्य परंपरेतही हेच द्वंद्व दिसते. आदर्श राज्याच्या रक्षकांनी हीन माणसांची नक्कल करू नये, कारण नक्कल हळूहळू स्वभावात मुरते, असे प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात मांडले. याच्या नेमके उलट, थोर नट स्वतः काहीही न अनुभवता प्रेक्षकांना सर्व काही अनुभवायला लावतो, असे अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दनी दिदरो यांनी म्हटले. त्याच फ्रान्समध्ये नटाचा व्यवसायच पापमय समजला जात असे. विख्यात नाटककार व नट मोलियेर यांचे १६७३ मध्ये निधन झाले, तेव्हा चर्चने ख्रिस्ती दफनास आडकाठी केली आणि राजाच्या मध्यस्थीनंतर त्यांचा दफनविधी रात्रीच्या अंधारात उरकण्यात आला.

व्रतस्थ नट आणि व्यावसायिक नट

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे सर्वच सादरीकरणे एकाच जातकुळीची नाहीत. वाराणसीजवळील रामनगरच्या रामलीलेत राम, सीता आणि बंधूंच्या भूमिका करणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हटले जाते. लीलेच्या काळात ही मुले घरापासून दूर राहतात, आहार-विहाराचे नियम पाळतात आणि मस्तकी मुकुट चढल्यावर भाविक त्यांची देव म्हणून आरती करतात. उत्तर केरळातील तेय्यममध्येही कलावंत आधी व्रत पाळतो आणि मुखवटा-मुकुट धारण केल्यानंतर साक्षात दैवत म्हणून भक्तांना आशीर्वाद देतो. अशा विधिनाट्यात कलावंताचे वैयक्तिक आचरण हा सादरीकरणाचाच भाग असतो.

व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमीचा करार वेगळा असतो. तेथे पडदा वर जाताना प्रेक्षक आणि नट यांच्यात एक अलिखित समजूत असते की, समोर घडणारे खरे नाही. ते खऱ्यासारखे दाखवले जात आहे. या रंगभूमीवर रामाचे काम करणाऱ्या नटाने उपवास करावा, अशी अपेक्षा नसते आणि रावणाचे काम करणाऱ्याला कोणी दुष्ट मानत नाही. रामलीलेचा नट हाच विषय असलेल्या पुण्यातील नाटकात हे दोन्ही करार एकाच रंगमंचावर समोरासमोर आले. सादर करणाऱ्यांनी त्याकडे दुसऱ्या करारातून पाहिले, आक्षेप घेणाऱ्यांनी पहिल्या.

दोन्ही परंपरांच्या मध्ये लोकनाट्याचा मोठा प्रदेश आहे आणि तेथे थट्टा निषिद्ध नाही. महाराष्ट्राच्या तमाशात गणात गणेशाला वंदन होते आणि लगोलग गवळणीत श्रीकृष्ण, पेंद्या व मावशी यांची चावट जुगलबंदी रंगते. तीच माणसे भक्तिभावाने गण म्हणतात आणि तीच देवाची फिरकी घेतात. छत्तीसगडमधील नाचा शैलीतील ‘पोंगा पंडित’ हे अस्पृश्यतेवर आणि दांभिक पुरोहितावर प्रहार करणारे नाटक ग्रामीण कलावंतांनी अनेक दशके सादर केले. हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’ने ते मंचावर आणल्यावर २००३ मध्ये मध्य प्रदेशात त्याच्या प्रयोगांवर हिंदुत्ववादी कार्यकर्त्यांचे हल्ले झाले. विरोध धर्माच्या नावाने झाला. मात्र नाटकाची परंपरा श्रद्धाळू समाजातूनच आलेली होती.

मराठी रंगभूमीचा अनुभव

मराठी रंगभूमीवर नटाच्या चारित्र्याचा प्रश्न सुरुवातीला स्त्रियांच्या वाट्याला आला. कुलीन स्त्रीने रंगमंचावर येणे म्हणजे अब्रू घालवणे, असा समज असल्याने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केल्यापासून अनेक दशके स्त्रीभूमिका पुरुषच करीत. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, तेव्हा ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, ही घटना मराठी नाट्येतिहासात मैलाचा दगड मानली जाते. स्त्री रंगमंचावर आली, तरी तिने तेथे काय बोलावे आणि कसे वागावे, याचा वाद मिटण्यास पुढील चार दशकेही पुरली नाहीत.

विजय तेंडुलकर यांच्या नाटकांनी हा वाद टोकाला नेला. डॉ. श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गिधाडे’च्या १९७० मधील प्रयोगांच्या वेळी, भावांच्या मारहाणीत गर्भपात झालेल्या माणिकच्या साडीवरील लाल डागाला परिनिरीक्षकांनी हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि हा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा, अशी घोषणा प्रयोगापूर्वी करण्यात आली. हिंसा दाखवण्यास मनाई नव्हती, तिचा रंग दाखवण्यास होती, ही विसंगती त्या एका घोषणेने उघड केली.

‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये रंगमंचावर आले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, शिवराळ, हिंसक तरीही स्वतःच्या नियमांशी प्रामाणिक असा सखाराम निळू फुले यांनी उभा केला, तर दारू पिणारी, तोंडाळ चंपा लालन सारंग यांनी. दिग्दर्शक कमलाकर सारंग हे लालन यांचे पती होते. परिनिरीक्षण मंडळाने मोठ्या काटछाटीची मागणी केली, प्रयोग थांबले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयातून नाटकाचा मार्ग मोकळा झाला. पण न्यायालयाबाहेरचा निवाडा वेगळा होता. ‘चांगल्या घरची’ बाई असली भूमिका करूच कशी शकते, हा प्रश्न लालन सारंग यांना दीर्घकाळ ऐकावा लागला. सखारामच्या तोंडी अधिक शिव्या असूनही निळू फुले यांना तो त्या स्वरूपात विचारला गेला नाही. नटाच्या वैयक्तिक नीतीची मोजपट्टी स्त्री आणि पुरुषासाठी एकच नसते, याचे हे ठळक उदाहरण ठरले.

निळू फुले यांचे व्यक्तिमत्त्वही या चर्चेत महत्त्वाचे आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, ‘एक गाव एक पाणवठा’ आणि अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या चळवळींशी जोडलेला हा कलावंत पडद्यावर मात्र बायकांवर वाईट नजर ठेवणारा पाटील किंवा सरपंच म्हणून ओळखला गेला. ग्रामीण भागातील स्त्रियांना ते प्रत्यक्षातही तसेच वाटत. त्यांच्या खलनायकीचा प्रभाव इतका मोठा होता की, शोषणाविरुद्धची त्यांची वैयक्तिक भूमिका अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. शोषकाचे चित्रण इतक्या अचूकपणे करणे हे त्याच्या समर्थनाचे लक्षण नव्हते. तो कसा असतो, हे ओळखण्याची ती नजर होती.

डिसेंबर १९७२ मध्ये आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने ऐतिहासिक पुरुषाच्या चित्रणाचा वाद निर्माण केला. जब्बार पटेल दिग्दर्शित या नाटकात नाना फडणवीस स्त्रीलंपट दाखवले आहेत, असा आक्षेप होता. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले. त्यातील कलावंतांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन करून ते पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये, तीव्र विरोध असतानाही, युरोपात नेले. नानांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. आपली संस्था प्रयोग थांबवत असताना वेगळी वाट धरणाऱ्या या कलावंतांनी घेतलेला निर्णय कलात्मक होता, तितकाच नैतिकही होता.

भूमिका आणि विचार जुळतात तेव्हा

नट आणि भूमिका यांतील अंतर स्पष्ट असते, तेव्हा बचाव सोपा असतो. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतील रावण म्हणून देशाला परिचित झालेले अरविंद त्रिवेदी प्रत्यक्षात रामभक्त होते आणि पुढे १९९१ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर गुजरातमधील साबरकांठा येथून लोकसभेवर निवडून गेले. त्यांनी उच्चारलेले रामनिंदेचे संवाद त्यांचे स्वतःचे आहेत, असे कोणी मानले नाही.

अडचण येते ती हे अंतर धूसर असते तेव्हा. प्रदीप दळवी लिखित ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावर जुलै १९९८ मध्ये राज्य सरकारने बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उठवली आणि शरद पोंक्षे यांच्या प्रमुख भूमिकेत नाटकाचे प्रयोग पुढे अनेक वर्षे झाले. पोंक्षे यांनी सावरकर विचारांवर जाहीर व्याख्याने दिली असल्याने, येथे नट केवळ पात्र वठवत नसून एका विचारविश्वाचा प्रवक्ता म्हणून उभा आहे, अशी टीका झाली. समर्थकांनी त्यालाच प्रामाणिकपणा म्हटले.

हाच प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये उलट दिशेने आला. छत्रपती शिवाजी महाराज आणि छत्रपती संभाजी महाराज यांच्या भूमिकांमुळे घराघरांत पोहोचलेले, राष्ट्रवादी काँग्रेसचे तत्कालीन खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी ‘व्हाय आय किल्ड गांधी’ या चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका केल्याचे समोर आले. चित्रीकरण २०१७ मध्ये, आपण खासदार होण्यापूर्वी झाले होते आणि भूमिका म्हणजे विचारांचे समर्थन नव्हे, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्यांच्याच पक्षातून विरोध झाला. पक्षाध्यक्ष शरद पवार यांनी मात्र कलावंत म्हणून केलेल्या भूमिकेकडे कलावंताच्याच दृष्टीने पाहावे, असे मत मांडले. पुढे कोल्हे यांनी आळंदी येथे इंद्रायणीकाठी आत्मक्लेश केला. नट म्हणून जे समर्थनीय, ते लोकप्रतिनिधी म्हणून क्लेशदायक, असा हा पेच होता. एकाच माणसाने वंदनीय पुरुषाची भूमिका केल्यावर मिळणारा आदर स्वीकारायचा आणि निंद्य भूमिकेचा रोष मात्र नाकारायचा, हे प्रेक्षकांना पटवणे सोपे नसते, हेही या प्रकरणातून दिसले.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार अभिव्यक्ती स्वातंत्र्यात नाट्यप्रयोगाचाही समावेश होतो. तथापि सभ्यता, नीतिमत्ता, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’वर १९१० मध्ये बंदी आली, तेव्हा हाती असलेला १८७६ चा ब्रिटिशकालीन नाट्यप्रयोग कायदा केंद्राने २०१८ मध्ये रद्द केला. मात्र महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेण्याची पद्धत स्वतंत्र नियमांखाली सुरू राहिली. तिच्या घटनात्मकतेला ज्येष्ठ अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

गुन्हेगारी कायद्यात नटाच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारणे किंवा गाणे, ज्यामुळे इतरांना त्रास होईल, हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. येथे ‘उच्चारणे’ हेच कृत्य असल्याने लेखकाइतकाच, किंबहुना अधिक थेटपणे नट कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. दुसरी तरतूद धार्मिक भावनांच्या अवमानाची. पूर्वीचे कलम २९५अ, आताचे कलम २९९. यात ३ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा असली, तरी त्यासाठी हेतुपुरस्सर आणि द्वेषमूलक इरादा सिद्ध व्हावा लागतो, तसेच न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते.

‘इरादा’ हा शब्द येथे निर्णायक ठरतो. नटाने संवाद उच्चारला एवढ्यावरून तो इरादा सिद्ध होतो का? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांना देवतेच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठाचे प्रकरण रद्द करताना, नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अवमान या कलमात बसत नाही, असे स्पष्ट केले. मल्याळम चित्रपटातील एका गीतात डोळा मारल्याबद्दल अभिनेत्री प्रिया वारियर यांच्यावर दाखल झालेला गुन्हाही ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द केला. दृश्य संदर्भासह पाहावे, हे तत्त्व १९९६ मधील ‘बँडिट क्वीन’ प्रकरणात अधोरेखित झाले. आणि विरोधकांच्या धमक्यांमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही, तिला संरक्षण देणे राज्याचे कर्तव्य आहे, हे १९८९ च्या एस. रंगराजन प्रकरणात. मात्र वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या महात्मा गांधींवरील कवितेसंबंधी २०१५ च्या निकालात, ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालण्यास काव्यस्वातंत्र्याचे अमर्याद कवच नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

या निकालांची दिशा बऱ्याच अंशी कलावंतांच्या बाजूची आहे. तरीही निकालापर्यंतचा प्रवास मोठा असतो. गुन्हा रद्द होण्यास काही महिने किंवा वर्षे लागतात. प्रयोग मात्र त्याच संध्याकाळी थांबतो. विशीतील विद्यार्थ्यासाठी प्रक्रिया हीच शिक्षा ठरते.

नटाचा नकार

चर्चेत सहसा दुर्लक्षित राहणारी बाजू म्हणजे स्वतः नटाला संवाद आक्षेपार्ह वाटणे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात या प्रश्नावर गाजलेला खटला झाला. मॉर्मन पंथाच्या एका विद्यार्थिनीने १९९८ मध्ये अभिनय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतानाच, आपण देवाचे नाव अनादराने घेणार नाही, विशिष्ट शिवी उच्चारणार नाही आणि निर्वस्त्र होणार नाही, असे सांगितले होते. पुढे तिने संवादांतील शब्द वगळले, शिक्षकांनी ते मान्य करण्यास नकार दिला आणि तिने अभ्यासक्रम सोडून न्यायालय गाठले. कनिष्ठ न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला; २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. अभ्यासक्रमाची गरज म्हणून विद्यापीठ असा आग्रह धरू शकते, पण त्या आग्रहाआड धार्मिक आकस होता का, हे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी तडजोड झाली आणि श्रद्धेच्या कारणास्तव सवलत मागण्याची रीतसर पद्धत विद्यापीठाने आखली.

दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्याजोगे होते. शिक्षकांच्या मते, स्वतःपेक्षा वेगळ्या माणसाच्या कातडीत शिरणे हाच अभिनयाचा गाभा. तो टाळणारा विद्यार्थी नट होऊ शकत नाही. विद्यार्थिनीच्या मते, खलपात्र करण्यास तिची ना नव्हती. फक्त काही शब्द तिच्यासाठी ‘खोटे’ उच्चारणे शक्य नव्हते, कारण ते उच्चारताच खरे होत होते. भारतीय श्रोत्याला ही दुसरी जाणीव परकी नाही. शपथ, मंत्र आणि शाप हे केवळ उच्चाराने फळतात, असे मानणारी संस्कृती येथेही आहे.

नकाराचा प्रश्न श्रद्धेपुरता मर्यादित नाही. मल्याळम चित्रपटसृष्टीबाबतच्या न्या. हेमा समितीच्या ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात, आधी स्पष्ट न केलेली अंतरंग दृश्ये देण्यासाठी अभिनेत्रींवर दबाव येत असल्याच्या तक्रारींची नोंद आहे. ‘भूमिकेची गरज’ हा शब्दप्रयोग कलेचे समर्थन म्हणून वापरला जातो, तसाच तो जबरदस्तीचे आवरण म्हणूनही वापरला जाऊ शकतो. नटाने बाहेरच्या दबावापुढे झुकू नये, असा आग्रह धरणाऱ्या रंगभूमीने तालमीतील दबावाबाबतही तितकेच दक्ष राहणे आवश्यक ठरते.

यावर उपाय अवघड नाहीत. संहिता पूर्ण वाचल्यानंतरच भूमिका स्वीकारण्याची मुभा, आक्षेपार्ह प्रसंगांची पूर्वकल्पना, शारीरिक जवळिकीची दृश्ये बसवताना सर्वांच्या संमतीने ठरलेल्या हालचाली आणि नकार दिल्यास सूड घेतला जाणार नाही याची हमी, एवढे चार नियम लहानात लहान हौशी संस्थेलाही पाळता येतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी संस्थेची असते. प्रयोग संस्थेच्या छत्राखाली झाला असेल, तर त्याचे परिणाम विद्यार्थ्याने एकट्याने भोगू नयेत.

प्रेक्षकाचा वाटा

नटाची जबाबदारी संपूर्णपणे नाकारता येत नाही. तो यंत्र नाही. कोणती भूमिका घ्यावी, कोणत्या नाटकात उभे राहावे, हा निर्णय त्याचा असतो आणि त्या निर्णयाबद्दल त्याला प्रश्न विचारता येतो. मात्र तो प्रश्न पात्राने काय म्हटले याबद्दल नसून, संपूर्ण नाटकाने काय म्हटले याबद्दल असायला हवा. आणि तो समजण्यासाठी नाटक शेवटपर्यंत पाहावे लागते. सखाराम, नाना किंवा रामलीलेतील तो शिवराळ नट यांच्याबद्दल लेखकाला काय सांगायचे आहे, हे पहिल्या शिवीत कळत नाही. ते शेवटच्या प्रवेशानंतर कळते.

प्रेक्षकाला नाटक न आवडण्याचा, सभागृहातून उठून जाण्याचा, लेख लिहून टीका करण्याचा, शांततापूर्ण निदर्शने करण्याचा आणि न्यायालयात जाण्याचाही अधिकार आहे. या सर्व मार्गांत नाटकाला उत्तर देण्याची संधी उरते. प्रयोग मध्येच बंद पाडण्यात ती उरत नाही. पुण्यातील त्या संध्याकाळी नाटकाचा शेवट काय होता, रामलीलेतील त्या नटांकडे नाटक उपहासाने पाहत होते की करुणेने, याचे उत्तर उपस्थित प्रेक्षकांना मिळू शकले नाही. कारण तो प्रयोग पूर्ण झाला नाही.